वेशीपाशी उभा केलेला माणूस

आमच्या गावाच्या वेशीचा एकच खांब उरला होता आणि त्याला टेकून एक रसवंतीगृह होतं. बारामतीहून इंदापूरकडं जाताना एसटी जिथं वळते, तिथं. अलीकडं आमची वस्ती, पलीकडं पेठ, स्टँड, दवाखाना. नव्यानं झालेल्या नगरपंचायतीनं वारसा आणि संस्कृती यांच्या आधारे गावाचा विकास करायचा आराखडा केला. त्याची सुरुवात वेशीपासून होणार होती.

स्टँडवर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यात पूर्ण कमान उभी होती, पिवळ्या दिव्यांत, खाली पेव्हर ब्लॉक आणि कारंजं. कडेनं बारा बलुतेदारांचे फायबरचे पुतळे. सुतार रंधा मारत होता, कुंभाराच्या हाताखाली मडकं फिरत होतं. सगळ्यात पहिला, कमानीला लागून, वेस राखणारा वेसकर. खांद्यावर घोंगडं, एका हातात घुंगरांची काठी, दुसरा हात पुढं पसरलेला, कमरेत वाकलेला. त्याच्या पायाशी लिहिलं होतं, आपले सहर्ष स्वागत.

आबा, म्हणजे माझे आजोबा, माझ्या शेजारी उभे राहून ते बघत होते. भवानीनगरच्या कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर त्यांनी नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून वस्तीतून निघायचं, वेशीतून पेठेत जायचं, स्टँडवर पेपर वाचायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं, हा त्यांचा नेम. ती काठी त्यांनी लहानपणी हातात धरली आहे. वेसकरकी आमच्या वस्तीकडं होती; त्यांच्या वडिलांची पाळी असली की हे बरोबर जात. घुंगरं वाजली की लोक विटाळ नको म्हणून आवरून बसत आणि वरून भाकरी टाकत. धर्मांतरानंतर वडिलांनी ती काठी वेशीपाशी नेऊन ठेवली आणि मोकळ्या हातानं घरी आले. आबांनी हे मला एकदाच सांगितलं, दाढी करता करता.

"ह्यो हितं उभा करणार?" त्यांनी विचारलं.

"तसंच दिसतंय, आबा."

"मग मी न्हाय ह्या वाटंनं जायाचो."

एवढंच बोलून ते पेपर वाचायला बसले.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील बारामतीच्या छापखान्यातून गठ्ठे आणत. जयंतीचं, शिष्यवृत्तीचं, गायरानाचं, वस्तीच्या पाण्याचं. आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो आणि घालता घालता मोठ्यानं वाचायचो. आमच्या घरात कुणाला राग आला की तो कागदावर यायचा, भांड्यांवर निघायचा नाही. त्यामुळं मी पत्रक लिहिलं. आम्ही जे टाकून दिलं ते उचलून आमच्याच वाटेवर मांडू नका, असं त्यात लिहिलं. आठवड्याच्या बाजारात ते वाटलं. लोकांनी त्यात मिरच्या बांधून नेल्या, पण नगरपंचायतीनं हरकती ऐकायला बैठक लावली.

बैठकीच्या आधी काकूकडं गेले. काकू आमच्या वॉर्डाची नगरसेविका.

"आली पत्रकवाली," ती म्हणाली. "च्या पायजेल का, का त्याच्यासाटी बी मोर्चा काढणार?"

"काकू, तू सही करशील ना हरकतीवर?"

"करीन. पर त्याच फायलीत आपलं गटार हाय, ठावं हाय का? पुतळा अडला की फाईल अडली."

"पुतळा आणि गटार एका फायलीत कसं काय?"

"मी बांदली व्हय फाईल? तुज्या आईला ईचार, पावसाळ्यात चूल कुठं मांडती ती."

तरी तिनं सही केली. बैठकीला आबांच्या शेजारी येऊन बसली आणि पर्समधली बडीशेप त्यांच्या हातावर ठेवली.

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी साहेब तरुण होते, बोलायला मऊ. बलुतेदारांचा हा गौरवच आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. सुतारआळीतले एक तात्या उठून म्हणाले, "आमची कायबी हरकत न्हाय. रंधा झ्याक धरलाय त्यानं. नातवाला दावीन."

"दावा की," काकू बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमच्या हातात रंधा हाय, तात्या. आमच्या हातात मागितलेली भाकर हाय."

तात्या खाली बसले. मग आबा उठले. खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "सायेब, ती काठी आमी ठिवली ती ठिवली. परत देऊ नका."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आबा, वेसकर तिथं नसेल. माझा शब्द," असं म्हणाले, आणि सगळ्यांसमोर हरकत मान्य केली.

वडिलांनी त्या दिवशी वस्तीत जिलेबी वाटली. मी आभाराचं पत्रक लिहिलं. ते छापूनही आलं.

काम सुरू झालं तसं सगळं हिरव्या जाळीआड गेलं. रसवंतीवाला बैल आणि चरक घेऊन निरवांगीकडं निघून गेला. मला बारामतीत नोकरी लागली होती. जाताना येताना एसटीच्या खिडकीतून जाळी दिसायची, तिच्यामागं मशीनचा आवाज.

उद्घाटनाच्या सकाळी आबा नवा शर्ट घालून निघाले. मी त्यांच्याबरोबर होते. जाळी उतरवलेली होती. कमान खरंच छान झाली होती, हे मला म्हणायलाच हवं. तिच्याजवळ वेसकर नव्हता.

पण उभा केलेला माणूस तोच होता. तीच पावलं, तोच कमरेचा बाक, तेच वर बघणारं हसरं तोंड. काठी कापून काढली होती आणि त्या मुठीत तारेनं खराटा बांधला होता. पसरलेल्या हाताखाली निळी कचरापेटी ठेवली होती, म्हणजे तो हात आता तिच्याकडं बोट दाखवत होता. घोंगड्यावर नारिंगी रंग मारून त्याचं जाकीट केलं होतं. पायाशी पाटी होती, स्वच्छ गाव, सुंदर गाव.

मांडवात साहेब भेटले. मला बघून त्यांना आनंद झाला.

"बघितलंत ना? हरकत मान्य केली तुमची."

"हा कोण आहे, साहेब?"

"स्वच्छतादूत. कुठल्याच समाजाचा नाही. मूर्ती तयार होती, ती वाया नको म्हणून कारागिराला म्हटलं, बदल करून द्या. मसाला दूध घेतलंत का?"

त्यांनी दुधाचा पेला माझ्या हातात दिला. मी तो धरून उभी राहिले. माझ्याकडं अशा वेळचे शब्द लहानपणापासून पाठ आहेत; कुठल्या शब्दानं सुरुवात करायची आणि कुठं आवाज चढवायचा हेसुद्धा. मी वाट बघितली. काही आलं नाही. हात अवघडून बधिर झाला की निदान मुंग्या येतात. त्याही आल्या नाहीत. मी दूध प्यायले. गोड होतं आणि केशराचा रंग होता.

काकू जवळ आली. "गटाराचं टेंडर निगालंय," ती हळू म्हणाली. "झालं की बोलते मी. आत्ता न्हाय." मी मान हलवली. तिचं चुकतंय असंही मला वाटलं नाही.

आबा पुतळ्यासमोर होते. पोरं खराट्याला धरून फोटो काढत होती, त्यातली दोन आमच्याच वस्तीतली. आबांनी पुतळा खालपासून वरपर्यंत बघितला.

"कंबर तशीच हाय," ते म्हणाले. "चल."

वडील म्हणाले, दुसरं पत्रक काढ. मी बसले. बंधू आणि भगिनींनो, एवढं लिहिलं. पुढं काय मागायचं ते सुचेना. वेसकर काढा म्हटलं होतं, तो काढला होता. खराटा काढा म्हटलं तर तिथं अजून काहीतरी देतील. कागद तसाच राहिला आणि मग त्यावर आईनं पापड वाळत घातले.

आबा आता कालव्याच्या भरावावरून स्टँडला जातात. ती वाट लांबची. हंगामात उसाचे ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखे जातात आणि एरवी चिखल असतो. ते पोचेपर्यंत पेपरची पानं चार जणांत वाटली गेलेली असतात. मी एजंटला सांगून पेपर घरी सुरू केला. पहिल्या दिवशी आबांनी तो उलटसुलट करून बघितला.

"मी पेपरसाटी जात हुतो व्हय?" ते म्हणाले, आणि चपला घालून कालव्याकडं निघाले.

मला बारामतीची पहिली एसटी गाठायची असते. वेशीतून गेलं तरच ती मिळते. त्या माणसाच्या शेजारून मी रोज जाते. सुरुवातीला मान वळवायचे, आता वळवत नाही. स्टँडवर जाऊन बाकावर बसते. आबा माझ्या आधी घरातून निघतात आणि माझ्यानंतर पोचतात.