परक्या प्लास्टिकचा वास

‘नाकवाले काका’ हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनीच दिलं होतं. जहाजांच्या, विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारे पुष्कळ असतात, पण अनोळखी तुकडा कुठल्या प्लास्टिकचा हे वासावरून सांगणारा हा एकच पठ्ठ्या. तापवलेली सुई आतल्या बाजूला टेकवायची, निघालेला धूर हुंगायचा आणि निकाल द्यायचा. मग प्रायमर कुठला, रंग कुठला, ते ठरायचं.

गेल्या थंडीत मोठी सर्दी झाली. जाताना ती काकांचा वास घेऊन गेली. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. नाव गेलं की माणूस संपला, असा त्यांचा हिशेब. ते सुई टेकवत, ऐटीत हुंगत आणि अंदाजपंचे ठोकून देत. नेहमीच्या सामानावर ते खपूनही गेलं.

मग एका निवृत्त कप्तानाने आपल्या जुन्या जहाजाच्या प्रतिकृतीचं काम आणलं. त्यावरच्या होड्या कुठूनतरी वेगळ्याच मिळवलेल्या, जरा मऊ. काकांनी हुंगल्या, ‘साधंच आहे’ म्हणाले, साबणाने धुतल्या आणि तेलरंग मारला. रंग वाळेना. बोट लावलं की बोटाला येई. मऊ प्लास्टिकमधलं तेल वर येतं आणि असा रंग कायमचा चिकट ठेवतं, हे त्यांनीच कितीतरी जणांना शिकवलं होतं.

बायको बाजारात गेलेली पाहून त्यांनी दार-खिडक्या लावल्या. फजिती कुणाला दिसायला नको. परातीत थिनर ओतलं आणि होड्या पुसत बसले. ओल्या चिंध्यांचा ढीग पायाशी वाढला. डोकं जड झालं, ते त्यांनी जागरणावर ढकललं. आता पुन्हा सुई लावून निदान धुराचा रंग तरी पाहू, म्हणून त्यांनी काड्यापेटी उघडली.

दार उघडलं. बायको उंबऱ्यातच थबकली.

“अहो, काडी ओढू नका!”

“का गं? काय झालं?”

तिने पिशवी टाकली, धावत जाऊन खिडक्या उघडल्या, त्यांच्या हातातून काड्यापेटी ओढून घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका मात्र खरोखरच काही न कळल्यासारखे बघत होते.

“तुम्हाला वास येत नाहीये?”

“सर्दी आहे जरा.”

“ती केव्हाच गेली.” तिचा आवाज एकदम खाली आला. “मागच्या आठवड्यात माझं नाक चोंदलं होतं. स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय का, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही आत जाऊन आलात.”

काका पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करू लागले.

“तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी नातीला शेजारच्या खोलीत निजवलं. आणि शेगडी पेटवली.”