अम्मीचं गुसल

भूत, साया, जिन्नात... घरात असला विषय निघाला की मी चहा ठेवायला उठायची. वर्ध्याला बँकेत नोकरी, घरी मुलगी, दिवसभर काउंटरवर गर्दी — असल्या गोष्टींना डोक्यात जागाच नव्हती. तरी हे लिहितेय, कारण मनातून जात नाही.

तळेगावला (श्यामजी पंत) आमच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली की गुसल द्यायला, म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ घालायला, अम्मीला बोलावत. ती तिच्या सासूकडून शिकलेली. दर सुट्टीत मला म्हणायची, "एकदा माह्यासंगं चाल, पाहून घे. माह्यामांगं कोन करन?" मी हसून टाळायची. खरं सांगू? मला किळस यायची.

गेल्या वर्षी एका सकाळी अम्मीच गेली. मोहल्ल्यात गुसल देता येणारं दुसरं कुणी नाही, आर्वीच्या दोघी लग्नाला अमरावतीला गेलेल्या. भाऊ म्हणाला, "दुपारी जोहरच्या नमाजनंतर मिट्टी हाये, कबरस्तानात न्याचं हाये. आता तूच कर, आपा." मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला... स्वतःच्या आईसाठी!

अंगणात चादरी बांधून आडोसा केला. भाभी बाहेरून बादल्या देत होती. तख्त्यावर अम्मी. बोरीची पानं टाकून उकळलेलं पाणी समोर ठेवलं. व्हिडिओतलं काही आठवेना.

"आधी वजू करव, बेटा, हात-तोंड-पाय धुव. मंग उजवी बाजू."

शेजारी पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी उभी होती. वाटलं, नात्यातली असेल. ती सांगत गेली, मी करत गेले. तांब्या उचलला तर तिनं मनगट धरलं. हात गार होता. "थांब, लय गरम हाये. आधी हात घालून पाह्य. तुह्या अम्मीनं पाह्यलं होतं, मंगच टाकलं माह्या अंगावर."

त्या घाईत मी शब्दांकडे लक्षच दिलं नाही. विसण घातलं आणि पुढचं केलं. कफन बांधून झाल्यावर वळले, तर ती नव्हती.

भाभीला विचारलं, त्या म्हाताऱ्या खाला कुठं गेल्या?

"कोन खाला? आत तुमी एकट्याच होत्या, आपा. मी तं परद्यापासून हटली बी नाई."

तेव्हा ते शब्द डोक्यात शिरले... 'माह्या अंगावर'. अम्मी तर फक्त मय्यतीलाच आंघोळ घालायची!

धक्का बसला की असं होतं, असं डॉक्टर मैत्रीण म्हणते. असेलही.

परवा तळेगावच्या मोहल्ल्यातून फोन आला — अम्मीची शेजारीण वारली, गुसल द्यायला या. मी म्हणाले, ऑडिट आहे. ऑडिट नव्हतं. आर्वीहून बायका यायला संध्याकाळ झाली म्हणे, तोवर ती बिचारी तशीच पडून.

ती म्हातारी कोण होती, माहीत नाही. अम्मीनं तिच्यासाठी पाण्यात हात घालून पाहिला होता, म्हणून ती आली असं मला वाटतं. मी अम्मीशिवाय कुणासाठी तो घातला नाही; माझी वेळ येईल तेव्हा माझ्या मुलीशेजारी उभं राहायला कुणी येणार नाही.