तुळसाने तोडलेला नंबर

कुडपणच्या डोंगरावरून तुळसा लग्न करून बिरवाडीत आली. नवरा भागोजी कारखान्यात कामाला, भाड्याची एक खोली आणि एकुलती एक सोनाली, एवढाच तिचा संसार. भागोजी माणूस वाईट नव्हता, पण एकदा तोंडातून शब्द गेला की माघार नाही. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तुळसाने लवकरच ओळखलं होतं. वरवर मान डोलवायची आणि आपल्याला हवं ते गुपचूप करायचं, यात ती चांगली तरबेज झाली होती. याच हुशारीने शेवटी तिचा घात केला.

मोबाइल नवे होते तेव्हा भागोजीने महाडच्या दत्तारामच्या दुकानातून आपल्या एकट्याच्या नावावर तीन सिम घेतली. त्याचं, बायकोचं आणि पोरीचं. सोनाली नर्सिंग शिकायला पनवेलला गेली आणि रोज संध्याकाळी आईला मिस्ड कॉल देऊ लागली. एक रिंग आली की पोर खोलीवर सुखरूप पोचली असं समजायचं. उचलायचा नाही, हे दोघींचं ठरलेलं.

पुढे सोनालीने परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. भागोजीने घरात तिचं नाव काढायला बंदी घातली. संध्याकाळची रिंग मात्र चुकली नाही. तुळसा फोन पदराखाली दाबून धरायची. पोर बरी आहे एवढं कळलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा.

एकदा भागोजीने ती रिंग ऐकली. आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी नंबर बंद करायच्या कोऱ्या अर्जावर सही करून त्याने कागद तिच्या हातात दिला.

"तिचा नंबर अजून माझ्या नावावर हाय. तूच जा म्हाडला, तुझ्या हातानं तोडून ये."

महाडला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसल्या बसल्या तुळसाचं डोकं चालू लागलं. मागे एकदा बिल थकलं तेव्हा भागोजीचा फोन बंद झाला होता, तरी त्यावर रिंग येत होती. शेजारच्या शकूचं कार्ड तर सदा रिकामं, पण मिस्ड कॉल यायचे थांबत नव्हते. म्हणजे फोन बंद झाला तर आपल्याला लावता येत नाही, इतकंच. मला कुठं कुणाला लावायचाय? मग पोरीचा कशाला तोडायचा, माझाच तोडते की. तिची रिंग येत राहील आणि ह्याचंही समाधान होईल.

दुकानात दत्ताराम म्हणाला, "वहिनी, मालकांच्या नावावर जादा नंबर दोन आहेत. यातला कुठला बंद करायचा?"

तुळसाने आपला फोन काउंटरवर ठेवला. "ह्यो."

"हा तर तुमचा."

"ह्योच. मला काय करायचाय फोन?"

घरी येऊन तिने "तोडला" एवढंच सांगितलं. भागोजी जेवायला बसला. किती दिवसांनी तुळसाला मनातल्या मनात हसू आलं. नवऱ्याला बरोबर गुंडाळलं होतं तिने.

संध्याकाळी ती फोन घेऊन मागच्या दारी बसली. रिंग आली नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही, त्यानंतरही नाही. पोर आजारी पडली असेल, नवरा मारत असेल, नाही नाही ते मनात यायला लागलं. अन्न गोड लागेना. शेवटी न राहवून तिने शकूला सगळं सांगितलं.

शकू म्हणाली, "अगो, नंबरच तोडलास तर रिंग येल कशी? बिल थकनं येगळं न् नंबर तोडनं येगळं."

तुळसाने आपला फोन तिच्या हातात दिला. शकूने कार्ड भरलं, तुळसाच्या फोनमधून सोनालीचा नंबर बघून लावला आणि दोघींनी कान लावले.

"शकूमावशी, तिनं लावायला सांगितलं का?" सोनालीचा आवाज कोरडा होता. "मी रोज लावत होते. शेवटी दुकानात फोन करून विचारलं. आईनं स्वतः येऊन बंद केला म्हणाले. बाबांनी केला असता तर मला काही वाटलं नसतं. तिला सांगा, सुटलीस म्हणावं. हे सिमपण आता मी फेकून देते."

"सोनाली, ऐक गो..." तुळसाने फोन ओढून घेतला. पण पलीकडून तो ठेवला गेला होता. शकूने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. बंद.

भागोजी पाळीवरून आला तेव्हा चूल थंड होती. तुळसा कोपऱ्यात बसून रडत होती. काय झालं, त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही लपवलं नाही.

"मी माझा नंबर तोडला, तिचा नाय. मला वाटलं तिची रिंग येल."

आता हा आपल्याला मारणार, असं तिला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. भागोजी तिच्याशेजारी जमिनीवर बसला. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि कुठेही न बघता, न अडखळता, पोरीच्या नंबराचा एकेक आकडा दाबला. लग्नाच्या दिवसापासून तिचं नाव न काढणाऱ्या त्या माणसाला तो नंबर तोंडपाठ होता. फोन कानाला लावून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"बंद हाय," तो म्हणाला आणि परत पहिल्यापासून आकडे दाबायला लागला.