योहान उस्तादांचे दोन शब्द

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मार्था आक्कांचे आहेत. त्या निपाणीत शिक्षिका होत्या. त्यांचे पती हवालदार योहान सैन्यात माझे सेक्शन कमांडर; आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. बी.ए.चा अभ्यास मी नोकरीत असतानाच केला. माझे इंग्रजीचे सरावाचे पेपर योहान उस्ताद सुटीवर जाताना घरी नेत आणि आक्कांच्या लाल दुरुस्त्यांसह परत आणत. तीन वर्षे असे चालले. बेळगुंदीच्या आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

पलटणीत रविवारी मंदिर परेड असे. उस्ताद कंपनीबरोबर उभे राहत, प्रसादही घेत. परेड सुटली की ते स्टोअरच्या मागे जात, टोपी काढत, बेल्ट सोडत आणि सावधान उभे राहत. सैन्यात ज्याच्यावर चार्ज, म्हणजे आरोप असतो, त्याला असे टोपी-बेल्ट उतरवून पलटणीच्या प्रमुखापुढे, सीओ साहेबांपुढे उभे करतात. एकदा मी विचारलेच.

“उस्ताद, चार्ज काय तुमच्यावर?”

“सगळे मलाबी ठाऊक न्हाईत. त्याला हाईत.”

“मग बचावात काय सांगता?”

“काय सांगत न्हाय रं. ‘दया कर’. दोनच शब्द.”

मग त्यांनी येशूने सांगितलेली एक गोष्ट ऐकवली. दोघे मंदिरात प्रार्थनेला गेले. एकाने आपले उपास आणि दानधर्म देवाला मोजून दाखवले. दुसरा जकातदार, लोकांच्या शिव्या खाणारा. तो लांबच थांबला. मान वर न करता, छाती बडवून त्याने फक्त दया मागितली. देवाने त्याला मोकळे केले.

“आणि पहिल्याला?”

“त्याचं सर्व्हिस बुक लई क्लीन हुतं. त्यानं काय मागितलंच न्हाय की.”

मी हसलो. तेही हसले.

एका ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर आला. आमची तुकडी सकाळी सहाला बेळगावहून निघाली आणि सव्वाआठला निपाणीजवळ पोहोचली. उस्तादांचे घर तिथून चार किलोमीटर. त्यांनी फोनही केला नाही. “काम उरकू दे,” म्हणाले.

रस्ता पाण्यात शिरत होता तिथे एक कडुलिंब होता. त्याला वेढा दिलेल्या रस्सीवर बोट पाण्यात अडकलेल्या वस्तीपर्यंत सोडायची आणि परत ओढायची. रस्सीची जबाबदारी माझी. झाड आणि पाणी यांच्या मध्ये पडक्या कुंपणाचे दगड होते; रस्सी त्यांवर घासायची. म्हणून प्रत्येक फेरीआधी पूर्ण रस्सी हाताखालून काढून बघायची, असा हुकूम होता. दोन फेऱ्यांना मी बघितली. तिसऱ्या फेरीआधी, १०.४० वाजता बोटीतून वायरलेस सेटवर उस्तादांचा आवाज आला. सेटवर आपले बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे असते.

“मारुती, रस्सी बघितलीस? ओव्हर.”

“ओके, उस्ताद. ओव्हर.”

मी बघितली नव्हती. सैन्यात ओके जिभेवर बसलेले असते. डोळ्यांच्या आधी तेच बाहेर पडते.

वस्तीवरून त्यांनी एक म्हातारे जोडपे बोटीत घेतले. लाइफ जॅकेट एक कमी पडले, म्हणून उस्तादांनी स्वतःचे म्हातारीला घातले. परतताना वाहत आलेला ओंडका बोटीवर आदळला. रस्सीला हिसका बसला आणि दगडावर घासून विरलेली जागा तुटली. बोट खाली वाहत जाऊन एका बाभळीला अडली. उस्तादांनी दोघांना फांदीवर चढवले.

“मारुती, रस्सी गेली. दोघं झाडावर हाईत. दुसरी बोट लाव. ओव्हर.”

“उस्ताद, तुम्ही चढा. ओव्हर.”

सेटवर खरखर. मग त्यांचा रोजचाच आवाज.

“प्रभू, दया कर.”

त्यापुढे ओव्हर आले नाही. बोट उलटली होती.

म्हातारा-म्हातारी ११.३० वाजता सुखरूप काठावर आली. उस्ताद तिसऱ्या दिवशी सापडले.

संकटात ओरडणारी माणसे मी पुष्कळ ऐकली आहेत. हा आवाज तसा नव्हता. समोर कोणी उभे आहे आणि ते ऐकते आहे, याची त्या माणसाला खात्री होती. आजही तो आवाज आठवला की माझ्या टाचा आपोआप जुळतात.

चौकशीत मी रस्सी बघितली होती असे सांगितले. दोष ओंडक्यावर गेला. नवव्या दिवशी आक्कांना पत्र टाकले आणि खरे बयान द्यायला गेलो. टोपी-बेल्ट उतरवून आत गेलो.

“बचावात काही सांगायचं आहे?” सीओ साहेबांनी विचारले.

“नाही, साहेब.”

माझी बढती थांबली. ते सोसणे सोपे होते.

आक्कांनी पत्राला उत्तर लिहिले नाही. पुढच्या रविवारी त्या कॅम्पच्या गेटवर आल्या आणि मला चर्चमध्ये घेऊन गेल्या. शे-दीडशे माणसे उभी होती. म्हातारे, नोकरदार, शाळेच्या मुली. सगळे एका आवाजात म्हणाले, प्रभू, दया कर. कुणीही कारण देत नव्हते. सगळी पलटणच बिनटोपीची उभी आहे असे मला वाटले. शेजारी आक्कांचा आवाज मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “एम.ए.चा फॉर्म भरलास काय?”

मी पाठवलेले पत्र असे होते:

“आक्का, उस्तादांनी मला विचारले होते, रस्सी बघितलीस का. मी ओके म्हणालो. बघितली नव्हती. चौकशीतही खोटे बोललो. आता सीओ साहेबांकडे खरे सांगायला जातो आहे, पण आधी तुम्हाला कळावे. त्यांनी दोन जीव वाचवले आणि शेवटी देवाचे नाव घेतले. ते मी माझ्या कानांनी ऐकले. मला आणखी काही सांगायचे नाही. दया करा. मारुती.”