पट्टीवर टिंब नसते

मोहाची फुलं वेचताना कसं होतं, टोपली भरून मागं वळावं तर वेचलेल्या जागी पुन्हा तेवढीच पडलेली! शेजारच्या केशवरावांचे किस्से तसेच. एक सांगून संपवते, तोवर दुसरा आठवतो. मी चौथी पास. पण अहेरीत आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच होती, आणि ती कुडाची. कान बंद ठेवायचा म्हटलं तरी कसा ठेवणार?

केशवराव हंगामी ओव्हरसियर. मुकादमाचे नुकते ओव्हरसियर झालेले. अट एकच होती: दिवाळीआधी मोठे साहेब चांद्याहून येतील, हिशेबाची साधनं चालवता येतात का ते बघतील. आली तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा मुकादमी. घरात बायको सुशीला, पहिलटकरीण. भल्या माणसाच्या तोंडचं पाणीच पळालं होतं!

* * *

आधी आली हिशेबाची सरकपट्टी. लाकडी, पांढरी, मधला भाग आतबाहेर सरकणारा. मला वाटलं कापड मोजायची असेल. हातात घेऊन पाहिली.

"केशवभाऊ, हे फसवलं तुमाले! एक आन् दोनच्या मंधात एवढी जागा, आन् आठ-नऊच्या मंधात एवढीशीच काऊन?"

"काकू, ते तसंच असते. त्यानंच गुणाकार होते."

"गुणाकार कायचा होते! बनवनाऱ्याची जागा सरली शेवटी, म्हनून दाटीवाटीनं बसवलं!"

सुशीला हसली. केशवराव हसले नाहीत. रात्रंदिवस ती पट्टी सरकवत बसायचे.

* * *

आषाढ लागला आणि पट्टी फुगली. आमच्याकडची ओल म्हणजे पापडालाही बुरशी! मधला भाग हलेचना. केशवराव दाताने ओढून राहिलेले.

मी म्हटलं, "दात पडतील, पट्टी नाई हालनार. आना इकडं."

मोहाच्या बियांचं तेल, आम्ही टोळीचं तेल म्हणतो, ते चार थेंब चोळलं. अशी सरकली, अशी सरकली, की केशवरावांनी झटका देताच मधला भाग सुटून थेट आमच्या आंबिलाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात!

"चालू झाली!" असं म्हणत त्यांनी ती गंजातून काढली. आंबील आम्ही गाईला दिलं.

* * *

त्याच पट्टीवर त्यांनी तलावाचं काम केलं. आमच्यापासून दोन कोसांवर जुना तलाव आहे. त्याची सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, फुटली होती. ती नवी बांधायची होती. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खाली धानाची शेतं आणि वीस-पंचवीस घरं. त्यातलं एक माझ्या लेकीच्या, यमुनीच्या सासरचं.

केशवरावांनी हिशेब केला. सलंगेची रुंदी साडेसहा फूट. श्रावणात कागद चांद्याला गेला, साहेबांची सही होऊन परतही आला. खुंट्या ठोकल्या. बांधकाम दिवाळीनंतर.

गावचे म्हातारे मडावीबाबा दोन खुंट्यांच्या मध्ये उभे राहिले. दोन्ही हात पसरले.

"एवढ्या दारातून म्हैस जाईन, ओव्हरसियर. पानी नाई जानार."

"बाबा, गनित करूनच केलं हाये."

"तुनं केलं. पान्याले सांगतलं काय?"



* * *

भादव्यात हिशेबाचं यंत्र आलं. पेटीत बांधून, वैनगंगेवरून डोंग्यात, पुढं बैलबंडीत. बाजूला दांडा. सगळ्या आळीनं ठरवलं की हे शेवयांचं मशीन!

दांडा पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी. भागाकार करताना फिरवतच राहायचं. घंटी वाजली, की एक फेरा जास्त झाला. तो परत घ्यायचा, राहील ते उत्तर. दशांशाच्या टिंबासाठी छोटी खिट्टी असायची. ती घरं मोजून आपणच सरकवायची.

पहाटे घर्र घर्र, टन्न! पलीकडच्या म्हातारीनं मला विचारलं, "ओव्हरसियर लय देवाचा झाला वं?"

"झाला ना बाई," मी म्हटलं. "साहेब येऊन राह्यले म्हनून."

* * *

सुशीलेचं डोहाळजेवण. चाळीस बायांना आवतण. तांदळाचा हिशेब केशवरावांनी पट्टीवर केला, तांदूळ स्वतः मोजून स्वतःच चुलीवर चढवला. दुपारी मी गेले तर चुलीवर एवढंसं गंज.

"हा निवदाचा भात हाये काय?"

"नाई काकू. चाळीस बायांचा."

काय सांगू! चार घरचा तांदूळ गोळा करून भात पुन्हा टाकला. सुशीला पाटावर बसून रडायची ती हसायला लागली. मी म्हटलं, "भाऊ, अर्धी पायली कायची, पाच पायली पायजे होते. तुमच्या पट्टीवर टिंब कुठी असते?"

"पट्टीवर टिंब नसते, काकू. ते आपनच..."

आणि बोलता बोलता थांबले. पंगत सोडून आत गेले, यंत्रापुढं बसले.

* * *

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून एकच गणित. सात फेरे, टन्न, एक मागं. मग सहा फेरे, टन्न, एक मागं. म्हणजे सहा, मग पाच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मला पाठ झालं! तिसऱ्या दिवशी मी कुडाला तोंड लावून विचारलं,

"भाऊ, सहा-पाच, सहा-पाच काय करून राह्यले?"

घर्र घर्र थांबलं. मग हळूच,

"काकू, सलंग पासष्ट फूट पायजे. मी साडेसहा लिवलं."

म्हणजे पाणी तुंबणार आणि पाळच फुटणार! "माही यमुनी तेथीच राह्यते, भाऊ."

"माईत हाये."

"मंग सांगून टाका ना साहेबाले!"

"कागदावर त्यायची सही हाये, काकू. त्यायचीच चूक त्यायले सांगू? सुशीलेले आठवा चालू हाये."

 

* * *

साहेब आले ते आश्विनात. धिप्पाड, कमरेला सरकपट्टीचं चामडी म्यान. मी चहाचं निमित्त करून दारात उभी. साहेबांनी केशवरावांची पट्टी उचलली, सर्रकन सरकवली, नाकाला लावली.

"हा वास कसला?"

"टोळीचं तेल, साहेब. पावसाळ्यात फुगते, मंग चालत नाई. शेजारच्या काकूनं लावून देल्लं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग तलावाचा सही झालेला कागद समोर ओढून म्हणाले, "आता यंत्र. हाच तलाव घ्या. रुंदी काढून दाखवा."

सात फेरे, टन्न, एक मागं. सहा फेरे, टन्न, एक मागं. केशवरावांचं बोट टिंबाच्या खिट्टीवर. एक घर डावीकडं सरकवली की कागदाशी जुळतं, नोकरी पक्की.  त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. हातातल्या कपबश्या मी खाली ठेवल्या.

"पासष्ट फूट, साहेब."

"कागदावर साडेसहा आहेत."

"कागद माह्या हातचा हाये. टिंब चुकलं."

"आणि खाली 'तपासलं' म्हणून सही कोणाची आहे?"

"तुमची, साहेब."

सुशीला आत पदर तोंडात धरून उभी. साहेबांनी कागदाची घडी केली, स्वतःच्या खिशात घातली.

"नवा कागद काढा. पासष्ट. तुमच्याच हातानं. आणि नावापुढं आता 'हंगामी' लिहू नका."

चहा न घेताच उठले. जीपपर्यंत गेले, आणि परत फिरले. थेट माझ्या दारात! कमरेच्या म्यानातून त्यांनी आपली पट्टी काढली, माझ्यापुढं धरली, मधला भाग दोन्ही हातांनी ओढून दाखवला. जागचा हलेना.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "ते तेल थोडं मिळेल का? आषाढापासून अशीच आहे."