गजभारे मामांचा ताड

गजभारे मामांना कुठलीही बातमी सांगायची सोय नव्हती. उद्या नळाला पाणी नाही म्हणा, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणा, मामा मान तिरकी करून विचारायचे, "बघितलं का ऐकलं?" ऐकलं म्हटलं की "बरं" म्हणून गप्प बसायचे, आणि त्या "बरं"मध्ये आपली बातमी निम्मी होऊन जायची. मी विद्यानगरच्या गल्लीत राहायला आले त्या दिवशी त्यांनी मला पहिलं वाक्य हेच ऐकवलं. टेम्पोवाला म्हणाला होता, कपाट जिन्यातून आरामात वर जाईल. मी तसं मामांना सांगितलं, तर ते घरातून टेप घेऊन आले आणि जिना मोजला. कपाट जाणार नव्हतं. मला त्यांचा रागच आला. नेहमी बरोबर निघणाऱ्या शेजाऱ्याचा येतो तसा.

मामा मूळचे नांदेडकडचे. रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या कामाला लागले आणि सिकंदराबादेत सगळी नोकरी झाली. तारेवर चढण्याआधी करंट बंद करवून घ्यायचा, तसा कागद हातात घ्यायचा आणि मगच हात लावायचा, हा त्यांच्या कामाचा धर्म. त्या कागदाला परमिट म्हणतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. "ज्याच्या नावाचं परमिट, त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्यानं नाही, साहेबानंसुद्धा नाही," हे मी इतक्यांदा ऐकलं की परीक्षा विभागातल्या माझ्या कारकुनांनाही मी तेच ऐकवू लागले. निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीच्या टोकाला लहानसं घर घेतलं. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, दारात मामींची तुळस, आणि मागच्या अंगणात एक उंच ताड.

त्या ताडावर ताडी अबाबील राहायचे. आमच्याकडे त्यांना हेच नाव आहे. चिमणीपेक्षा जरा मोठा, राखेच्या रंगाचा पक्षी, चोच जाड आणि निळसर, पंख मिटले की शेपटीच्या टोकापर्यंत येतात. आमच्या घरांवरून गेलेल्या विजेच्या तारेवर ते बसायचे, आणि बसायचे म्हणजे एकमेकांना चिकटून. एवढी लांब तार मोकळी, पण पाच जण वीतभर जागेत. एखादा हवेत झेपावून किडा पकडायचा, उडता उडताच खायचा, तरंगत परत यायचा आणि रांगेत मधेच घुसायचा. बाकीचे थोडे थोडे सरकायचे, शेजाऱ्याची मान चोचीनं साफ करायचे, आखूड शेपट्या डावीउजवीकडे हलवायचे. घार आली की मात्र सगळे मिळून तिला पार रेल्वेलाइनपर्यंत पिटाळून लावायचे. मामा चहाचा कप घेऊन तासन् तास बघत बसत. "आमच्या गँगसारखे हायेत हे," म्हणायचे. "एकटा दुकटा तारेवर जाऊच नये."

ताड पूर्वीपासूनच थोडा कलला होता. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या वाऱ्यानं तो आणखी झुकला, आणि नेमका रत्नम्माच्या पत्र्याच्या खोलीकडे. रत्नम्मा माझ्याकडे स्वयंपाकाला येते. तिला एक नात आहे, शिरीषा, पाचवीतली. मुलगी आणि जावई कामासाठी भिवंडीला, त्यामुळे नात हिच्यापाशी. रत्नम्मा पोळ्या लाटता लाटता रोज तेच सांगायची, हवा आली की जीव मुठीत धरून बसते, अम्मा, त्या बुड्ढ्याला सांगा की झाड काढ. करंट ऑफिसवाल्यांनाही, म्हणजे वीज कंपनीच्या लोकांनाही, ते झाड तारेजवळ नकोच होतं. फक्त मालकाची संमतीची सही हवी होती.

मामा झाड काढायला तयार होते. त्यांची अट एकच, पिल्लं उडू द्या. ताडाच्या शेंड्यात, झावळीच्या बुडाशी, चार काड्यांचं घरटं होतं आणि आईबाप आत ये-जा करत होते. "थोडे दिवस. मग मी स्वतः दोर धरतो," ते म्हणाले. पण मेच्या सुरुवातीला त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दुसरा डोळा आधीच अधू होता. नामपल्लीच्या दवाखान्यातून ते हिरवी पट्टी लावून परत आले आणि मला बोलावून म्हणाले, "माय, आता तू बघ. पिल्लं उडाली की मला सांग. मी सही करतो."

मी हो म्हणाले. आणि इथून पुढचं सांगायला मला आजही जड जातं.

निकालांचे दिवस होते. मी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना एकदा वर बघायचे, बस. एका सकाळी तारेवर पाच अबाबील चिकटून बसलेले दिसले. मधल्यानं शेजारच्याच्या चोचीत काहीतरी दिलं. मी ठरवून टाकलं, ही आई आणि ही लेकरं. इतकं अंगाला अंग लावून आणखी कोण बसेल? ते पाचही जण नेहमीचेच मोठे होते, पिल्लांच्या अंगावर तपकिरी रेघा असतात, हे मामांनी मला दहादा सांगितलेलं होतं. पण रत्नम्माची रोजची कटकट थांबावी असं मला वाटत होतं, आणि मला जे हवं होतं तेच मला दिसलं.

मी मामांना सांगितलं, उडाली. त्यांनी सवयीप्रमाणे विचारलं, "बघितलं का ऐकलं?"

"बघितलं," मी म्हणाले.

मामींनी जागा दाखवली, त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी करंट ऑफिसचे लोक आले. गल्लीची वीज तासभर बंद केली. श्रीनिवास नावाचा लाइनमन शिडी लावून ताडाच्या निम्म्यापर्यंत चढला, दोर बांधू लागला. खाली दोघं करवत घेऊन उभे. वीज गेल्यामुळे गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली होती. रत्नम्मा शिरीषाचा हात धरून माझ्या शेजारी उभी होती. मामा अंगणात खुर्चीवर, डोळ्यावर पट्टी.

दोराची पहिली गाठ बसली आणि अबाबील श्रीनिवासच्या डोक्यावरून झेपावू लागले. दोन, मग चार, मग सगळेच. हेल्मेटला घासून जात होते, चिरकत होते, वळून परत येत होते. खालचे लोक हसले. मामा हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले आणि तोंड वर करून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "माय, शेंड्याकडे बघ. माणसाकडे नको, शेंड्याकडे."

मी बघितलं. सगळे जण श्रीनिवासवर तुटून पडले होते, पण एक पक्षी चोचीत नाकतोडा धरून हवेत घिरट्या घालत होता. गिळत नव्हता. दोनदा शेंड्यापर्यंत गेला आणि माणसाला बघून मागे फिरला. तिसऱ्यांदा झावळीत शिरला आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आला. खालचे दोघं करवत खोडाला टेकवून तो उतरायची वाट बघत होते.

"मामा, आत पिल्लं आहेत," मी म्हणाले.

मामांनी हात वर केला आणि श्रीनिवासला खाली यायला सांगितलं. तो वरूनच म्हणाला, "साब, एक घंटे का परमिट है. पूरी गल्ली बंद करके बैठा मैं. झाड काटने के कागज पे आपकाच साइन है ना?"

"मेरा साइन है," मामा म्हणाले. "इसलिए मैंच वापस लेता. कागज देव."

श्रीनिवास काही क्षण तसाच लटकून राहिला. मग उतरला आणि कागद मामांच्या हातात दिला. तारेवर काम करणाऱ्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ समजवावा लागत नाही. पण त्यानं दुसरा कागद पुढे केला, झाड पडून काही झालं तर जबाबदारी तुमची. मामांनी त्यावरही सही केली.

गल्ली खवळली. तासभर उकाड्यात काढून हाती काय, तर पाखरं. त्यांचं मला काही वाटलं नाही, पण रत्नम्मा पुढे आली. "उनके बच्चे बच्चे हैं," ती म्हणाली, "मेरी पोट्टी क्या है, साब?"

मामा म्हणाले, पोरीला घेऊन माझ्या घरी राहायला ये. झाड जाईपर्यंत. रत्नम्मानं मान हलवली, नक्को म्हणाली. तेव्हा मामी पदर खोचून पुढे झाल्या आणि स्वतः तिची ट्रंक उचलून आणली. "आमच्या मालकांनी सही केलीय, निस्तरायचं मलाच," असं बडबडत त्यांनी बैठकीत दोन अंथरुणं घातली.

दुपारी मी मामांकडे गेले. सांगून टाकलं की मी नीट बघितलं नव्हतं. मनानं ठरवलं आणि बघितलं म्हणाले. बोलणी खायची तयारी ठेवूनच गेले होते. मामांनी मला शेजारी बसवलं.

"काझीपेठच्या बाजूला काम होतं," ते म्हणाले. "मी खाली, आमच्या गँगमधला नरसिंग वर. फोनवर कोणीतरी म्हणलं, लाइन बंद झाली. मी नरसिंगला ओरडून सांगितलं, बंद झाली. त्यानं विचारलं, बघितलं का? मी म्हणलं, बघितलं. त्याचा उजवा हात गेला, माय. हे मामीला ठाऊक हाय, अन् आता तुला."

मी रडले. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. एवढंच म्हणाले, "आता रोज बघ. ताडाखाली उभं राहून बघ, गच्चीवरून येताजाता नको."

पुढचे अकरा दिवस मी कधी विसरणार नाही. ऑफिसला जाण्यापूर्वी अर्धा तास आणि आल्यावर तासभर मी ताडाखाली उभी असायचे. रोज दुपारी ढग यायचे, आणि वारा सुटला की आम्ही सगळे एकाच दिशेला बघायचो. मला पिल्लांची काळजी होती आणि तितकीच रत्नम्माच्या पत्र्याची, आणि दोन्ही काळज्या एकमेकींच्या वैरी होत्या. सातव्या दिवशी चार वाजता वावटळ आली. ताड करकरत वाकला. पडला नाही, पण एक वाळलेली जड झावळ तुटून पत्र्यावर आदळली आणि पत्रा फोडून आत गेली. शिरीषा ज्या कोपऱ्यात गृहपाठ करायची, तिथेच ती उभी रुतली होती. पोरगी तेव्हा मामींजवळ भात खात होती. रत्नम्मानं ते भोक बघितलं, मग मामांकडे बघितलं, आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "पोरगी तिथं असती तर," एवढंच दोनदा म्हणाले. पण झाड काढायचा कागद दिला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तारेवर आठ जण होते. मी खालून बघितलं. मग शेजारच्या पोर्चवर चढून बघितलं. तिघांच्या अंगावर तपकिरी रेघा होत्या. त्यातलं एक तारेवरून घसरलं, पंख पसरले, हवेत डगमगत एक गोल घेतला आणि परत येऊन दोघांच्या मधे घुसलं. आईबाप शेंड्याकडे फिरकतही नव्हते. मी आणखी एक तास थांबले. ऑफिसला उशीर झाला.

श्रीनिवास नवा कागद घेऊन आला तेव्हा मामा खुर्चीवर बसले होते. पट्टी निघाली होती, पण नजर अजून साफ नव्हती. तार त्यांना नुसती रेघ दिसायची. रत्नम्मा दारात उभी होती. मी म्हणाले, मामा, श्रीनिवासला एकदा शिडीवरून घरट्यात बघायला सांगते, मग सही करा. माझ्या शब्दावर नको.

मागच्या थंडीत मामा गेले. नरसिंग एका हातानं काठी धरून आले होते, माती देताना सगळ्यांआधी उभे राहिले. त्यांच्याकडे बघताना मला हीच सकाळ आठवत होती.

त्या सकाळी मामांनी श्रीनिवासला शिडी लावू दिली नाही. कागद मांडीवर घेतला, खिशातून पेन काढलं आणि हात माझ्याकडे केला.

"सहीची जागा दिसत नाही, माय," ते म्हणाले. "तू बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाला लागून सही केली.