कोण जाणार, कोण राहणार

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत अल क्वोजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका सप्लायरशी हुज्जत घालत उभा होतो. ऑफिसातल्या मुलीने "सर, इंडिया कॉल" म्हणत रिसीव्हर पुढे केला. पलीकडे फिलू होती, इनासची बायको. "प्रभाकरभाऊ, तो सकाळी चर्चातून मिस्सेहून आला, व्हरांड्यात टेकला, आणि... उठलाच नाही." तिच्यामागे वसईच्या घरात जमलेल्या बायकांची प्रार्थना ऐकू येत होती. फोन ठेवण्याआधी ती एवढंच म्हणाली, "तिकडे सईदला कळवायला पाहिजे. तुम्ही समक्ष जाऊन सांगा. फोनवर नको." त्याला आता दीडेक महिना होऊन गेला.

इनास लोपीस आणि मी वसईच्या एकाच मैदानावर बास्केटबॉल खेळत मोठे झालो. मी जेमतेम बरा, तो उत्तम. उंच, शांत, आणि चेंडू हातात आला की घाई न करणारा. गुडघ्याने दगा दिला नसता तर तो कुठच्या कुठे गेला असता, असं आम्ही सगळे म्हणायचो. तो स्वतः कधी म्हणाला नाही. मालिश, व्यायाम, दुखापती ह्यांचं शिक्षण त्याने घेतलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एमिरेट्समधल्या एका छोट्या गावच्या क्लबात ट्रेनर म्हणून लागला. ट्रेनर म्हणजे खेळाडूंचे पाय, पाठी, गुडघे सांभाळणारा माणूस. शिवाय जर्सी, बर्फ, पाण्याच्या बाटल्या, आणि दरवर्षी येणाऱ्या अमेरिकन खेळाडूला एअरपोर्टवरून आणणं हेही त्याच्याकडेच. मी दुबईत त्याच्या आधीपासून होतो. शुक्रवारी सुट्टी असली की गाडी काढून त्याच्याकडे जायचो.

तिथला सीझन संपला की खरा खेळ सुरू व्हायचा. उन्हाळा पेटलेला, हॉल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि क्लबासमोरच्या मल्याळी माणसाच्या कॅफेटेरियात एसीखाली बसून सगळ्यांच्या एकच गप्पा. कोण जाणार, कोण राहणार. परदेशी खेळाडू एकच घेता यायचा, तेव्हा यंदा अमेरिकन येणार की सर्बियन? कोचला ठेवणार की हाकलणार? अमक्या क्लबाने आपल्या पॉइंट गार्डला मागणी घातली म्हणे. अरबी पेपरात चार ओळी आल्या की कॅफेटेरियावाला त्या मोठ्याने वाचायचा, हिंदीत अर्थ सांगायचा, आणि दुपारभर त्यावर चहा चालायचा. इनासला ह्या गप्पांचा भारी नाद. कागदी कपांच्या पाच-पाचच्या टीम मांडून तो मला समजावायचा, "हा गेला तर ह्याला इकडे घ्यावं लागेल, मग रिबाउंडला कोण? बघ, सगळं कोसळतं." मी म्हणायचो, "अरे, तुला काय करायचंय? तू तर आहेस तिथेच." तो हसायचा.

आहेस तिथेच, हे मी थट्टेत म्हणायचो, पण ते शब्दशः खरं होतं. त्याचा पासपोर्ट क्लबाच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचा. फॅमिली व्हिसा कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हता. दुसरीकडे नोकरी धरायची तर क्लबाचं एनओसी हवं, नाहीतर त्या देशात पुन्हा कामाला यायला बॅन. सुट्टीवर जायला पासपोर्ट मिळे, पण त्याच्या जागी कोणाचा तरी दुसरा पासपोर्ट गॅरंटी म्हणून कपाटात ठेवावा लागे. तो माझा असायचा. इनास परत येईपर्यंत मी देश सोडू शकत नसे. ह्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं, आम्हा दोघांनाही नाही. सगळीकडे असंच चालायचं.

मग एका उन्हाळ्यात मोठी बातमी फुटली. शारजाच्या बाजूच्या एका बड्या क्लबाला सईद हवा होता. सईद आमच्या क्लबाचा विशीतला सेंटर, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत गुणी. स्थानिक पोरगा, पण अडकलेला तोही तितकाच. शाळेत असताना ज्या क्लबात नाव नोंदवलं त्या क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. कॅफेटेरियात दुसरा विषयच उरला नाही. सईदच्या बदल्यात आपल्याला कोण मिळणार? दोन गार्ड की एक गार्ड आणि परदेशी खेळाडूचा खर्च? एवढ्या सगळ्या बडबडीत एक गोष्ट फक्त इनासला आणि मला माहीत होती. त्या क्लबाला सईदबरोबर त्याचा ट्रेनरही हवा होता. इनासला तिथे फॅमिली व्हिसा मिळणार होता, फ्लॅट मिळणार होता. मुलगी शेरल तेव्हा पहिलीत जायची होती. फिलू फोनवर विचारायची, "शाळेत इथे नाव घालू की थांबू?" आणि इनास म्हणायचा, "थांब थोडं. बोलणी चाललीयेत."

तो सबंध उन्हाळा त्याने कॅफेटेरियात लोकांचे अंदाज ऐकत काढला. लोक म्हणायचे, "सईद जाणार, पक्कं!" तेव्हा त्याचा चेहरा उजळायचा. लोक म्हणायचे, "कोण सोडतंय त्याला!" तेव्हा तो कप टाकायला म्हणून उठून जायचा. आपलं नशीब दुसऱ्याच्या नावाने चर्चेत आहे आणि आपण तोंडही उघडू शकत नाही...

सप्टेंबरात बोलणी फिसकटली. बदल्यात यायचा तो गार्ड ऐनवेळी नाही म्हणाला, एवढंच कारण. इनास मॅनेजरकडे गेला. "सईदचं राहू द्या, मला तरी सोडा." मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, शेरलची चौकशी केली आणि म्हणाला, "हबीबी, आज तुला सोडला तर उद्या ड्रायव्हर जाईल, परवा कोच जाईल. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला. शेरल वसईच्या शाळेत जाऊ लागली. फोनवर तिला बापाशी काय बोलावं ते सुचेनासं झालं.

त्या हिवाळ्यात अमेरिकन खेळाडूला सीझन अर्ध्यावर असताना काढून टाकलं. इनास त्याला दुबई एअरपोर्टला सोडायला निघाला, मीही बरोबर होतो. तो माणूस रस्ताभर चिडून बडबडत होता. मग त्याने इनासला विचारलं, "तू किती वर्षं आहेस इथे? तुला कधी काढलं नाही?" इनास म्हणाला, "नाही." उतरताना त्या अमेरिकनाने इनासचा हात दोन्ही हातांत धरला. परतताना इनास म्हणाला, "प्रभ्या, त्याला काढलं म्हणून तो चिडत होता. मला त्याचा हेवा वाटला रे."

त्यानंतरच्या सुट्टीआधी मी त्याला स्पष्ट सांगितलं. "जातोयस ना, येऊ नकोस. माझं मी बघतो. माझा स्पॉन्सर शेठ भला आहे, काहीतरी करेल." तो भडकला. "तू इथे कपाटात आणि मी तिकडे मासे खात बसू? हे मला पचेल का?" आणि सुट्टी संपायच्या आतच तो परत आला.

म्हणून पुढे जे घडलं ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. एके दिवशी, काही मागितलेलं नसताना, मॅनेजरने त्याला बोलावून पासपोर्ट आणि एनओसी दोन्ही हातात ठेवलं. "सईदला दुवा दे," मॅनेजर म्हणाला. "त्याने स्वतःहून आमच्याकडे पुढच्या पाच वर्षांसाठी सही केली. अट एकच घातली. तुला सोडायचं." पुन्हा मागणी आली होती सईदला, त्याच बड्या क्लबाकडून, आणि ह्या वेळी आमचा क्लबही त्याला सोडायला तयार होता, हे आम्हाला नंतर कळलं. इनास धावत हॉलमध्ये गेला. सईद म्हणाला, "खलास, झालं ते झालं. मला इथेच बरं आहे. माझी आई इथे आहे."

तोवर शारजाकडच्या नोकरीवर दुसरा माणूस लागला होता. इनास वसईला गेला. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. त्याने शाळांतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, शेरलला घेऊन बाजारात जाऊ लागला. पण सीझन संपला की त्याचा मला फोन यायचा. "काय बातमी? पेपरात काय म्हणतायत? सईद सुटतोय का?" मी कॅफेटेरियात जाऊन गप्पा ऐकायचो आणि त्याला कळवायचो. वसईत घरी सुखाने बसलेला माणूस, आणि उन्हाळा लागला की त्याचा जीव त्या हॉलमध्ये जाऊन बसायचा. फिलू म्हणायची, "शरीर आणलंय त्याने, बाकी तिकडेच ठेवून आलाय." सईदलाही तो फोन करायचा. सईद दर वेळी तेच सांगायचा, मला इथेच बरं आहे. मग इनास मला म्हणायचा, "खोटं बोलतोय पोरगा."

फिलूने सांगितल्याप्रमाणे मी समक्ष क्लबात गेलो तेव्हा दुपार होती. हॉलमागच्या ट्रीटमेंट रूममध्ये सईद एकटाच टेबलावर बसला होता. आता भरदार झालाय, दाढी आहे. मी सांगितलं. तो पाय वर घेऊन घोट्याला पट्टी बांधू लागला. नवा फिलिपिनो ट्रेनर दारातून डोकावला, तर सईदने नुसता हात हलवून त्याला परत पाठवलं. मला म्हणाला, "घोट्याला मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. त्याने शिकवलंय तसंच बांधतो." टाचेभोवती एक वेढा, मग तळव्याखालून तिरका, मग दाताने टेप तोडणं... इनासही दातानेच तोडायचा. कात्री समोर असली तरी.

"तुझी सही ह्या वर्षी संपतेय ना?" मी विचारलं. "पेपरात लिहितायत, जाणार म्हणून."

"आता मला कोण घेतंय?" तो म्हणाला. मग मान वर न करता हिंदीत हळूच म्हणाला, "मला जायचं होतं. तेव्हा. फार जायचं होतं. फोनवर मी त्याला दर वेळी खोटं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला होता का?"

पट्टी अजून पुरी झाली नव्हती. त्याने पुढचा वेढा घेतला, बोटाने दाबून बसवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हो. ठेवला होता."